उभे दाजी

आमचे दाजी कधी बसत नसत. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणे, आणि माझं ऐकून अकोल्याचा सारा कापूसबाजार त्यांना 'उभे दाजी' म्हणू लागला. अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांच्याकडे कालपरवापर्यंत बसायला घोंगडी होती त्यांच्या अडतीत गाद्या आल्या, तक्के आले, लोडांना मखमलीच्या खोळी चढल्या. दुपारी बाजारातून जावं तर दोन्ही अंगांना माणसं अशी रेललेली दिसत, की साऱ्या वऱ्हाडाचं लग्न आताच लागलंय आणि पंगत सुस्तावली आहे असं वाटावं. त्या सगळ्यांत दाजी तेवढे उभे. एक हात खांबाला, दुसऱ्या हातात रुमाल. कापूस चिमटीत ओढून धागा जितका लांब तितका चढा भाव, हे पारखायचं ते उभ्यानं. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचे ते उभ्यानं, भांडायचं ते उभ्यानं, पान खायचं तेही उभ्यानं.

कोणी म्हणालं, "दाजी, बसा ना घडीभर," की उत्तर ठरलेलं असे. "मी बसलो का धंदा बसला समजा."

ही कोटी बाजारात फार चाले. लोक आपल्या मुलांना दाजींचा दाखला देत. पैसा आला पण माणूस गादीवर चढला नाही, असं म्हणत. खेड्यापाड्यांत कापूस बघायला जाताना इतर दलाल दमणीत ऐटीत बसून जात. बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं वाजत. दाजींचीही दमणी होती, बैलही उमदे होते, पण दाजी दमणीच्या बाजूनं चालत जात. गाडीवान बसलेला आणि मालक पायी, हे बघून रस्त्यावरचे शेतकरी हात जोडत. त्या हात जोडण्यानं दाजींचा चेहरा कसानुसा होई. मला वाटे, हा विनय. मी तेव्हा अकोल्याच्या मराठी शाळेत पंतोजी होतो आणि माणसं ओळखता येतात असा माझा समज होता.

खरं काय ते एकट्या आक्काला, माझ्या बहिणीला, ठाऊक होतं. दाजींना मूळव्याध होती.

आक्काला कळलं ते यमूच्या लग्नात. यमू ही त्यांची एकुलती एक. तिला अमरावतीला दिली, नाना वैद्यांच्या घरी. कन्यादानाला दाजी सकाळपासून पाटावर बसले होते. उठले तेव्हा आक्काची नजर त्यांच्या धोतरावर गेली आणि तिनं काही न बोलता आपल्या अंगावरचा शेला त्यांच्या खांद्यावरून मागं सोडला. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी रीत असेल. रात्री आक्कानं विचारलं, तेव्हा दाजींनी आधी तिच्याकडून यमूची शपथ घेतली, कोणाला सांगायचं नाही म्हणून, आणि मग सांगितलं.

त्यात विनोद असा, आणि पुढं त्या विनोदाचं फार वाईट झालं, की नाना वैद्यांचं नाव साऱ्या वऱ्हाडात होतं ते याच दुखण्यासाठी. अंबादेवीच्या वाटेवर त्यांचं घर. सकाळी अंगणात माणसं खाली मान घालून उभी असत, कारण त्यांनाही बसवत नसे. मेळघाटातून येत, वर्ध्याकाठून येत. दाजींना मात्र तिथं जाता येईना. नाना आता त्यांचे इवाई, म्हणजे व्याही झाले होते. मुलीच्या सासऱ्यापुढं माणूस नवं धोतर नेसून, पगडी नीट करून जातो.

मग घरीच उपाय सुरू झाले. आक्का ताकात सैंधव आणि जिरं घालून देई. रात्री गरम दुधात तूप, नाहीतर इसबगोल. सुरणाची भाजी तर त्या घरात इतकी व्हायची, की मी एकदा थट्टेनं म्हणालो, आक्का, तुम्ही सुरणाची शेती घेतली का? ती हसली नाही. न्हाणीत एक मोठं घंगाळ होतं, त्यात कोमट पाणी घालून दाजी दार लावून बसत. त्यानं बरं वाटे. पण बाजाराचा हंगाम लागला की सगळं मोडे. पहाटे निघायचं, उन्हातान्हात पाण्याचा पत्ता नाही, आणि दुपारी कोणा पाटलाच्या घरी ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. दाजींना ठेचा फार आवडे. "जीभ एक मागते अन् बाकीचं शरीर एक मागते," ते पुढं मला म्हणाले, "अन् आमच्या घरी जिभेचंच राज्य."

हळूहळू त्यांचं अमरावतीला जाणं बंद झालं. इवायाकडे गेलं की पाटावर बसावं लागतं, पंगतीत आग्रह होतो, आणि आग्रहाचं जेवण उठून जाऊ देत नाही. घरी दाजी उकिडवे बसून चार घास खात. लेकीच्या सासरी तसं कसं खाणार? संक्रांतीला नेमका कापसाचा सौदा निघे, अक्षय्य तृतीयेला कोणीतरी आजारी पडे. आधी नानांनी हसून घेतलं. मग त्यांच्या घरच्या बायका यमूला ऐकवू लागल्या. तुझ्या बाबाला आता कापसाच्या गठाणींशिवाय काही दिसत नसेल. कापसाचा शेट झाला तो, आमच्या लाकडी पाटावर काय बसतो! यमू हे आईला सांगे. आई ऐकून घेई आणि शपथ आठवून गप्प राही.

यमूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण त्या साली गाड्यांच्या रस्त्यावर पटकीची साथ होती, म्हणून नानांनी तिला पाठवलं नाही. आक्काच अमरावतीला गेली. दाजी मागं अकोल्याला राहिले आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की काहीही होवो, बारशाला जायचं, पाटावर बसायचं, नातवंडाला मांडीवर घ्यायचं.

कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत एक जडीबुटीवाला येतो, एक पट्टी लावतो आणि मूळव्याधीचा कोंब देठासकट गळून पडतो. दाजी देवदर्शनाचं निमित्त करून निघाले. अमरावतीवरून वळसा घालून गेले, यमूच्या घरी न जाता. बरं होऊनच एकदम तिच्या दारात उभं राहू, असा त्यांचा बेत.

त्या माणसानं नदीकाठी पालात पट्टी लावली. सोमल होता का तेजाब, कोण जाणे. दाजींना आधी गुळगुळीत थंड लागलं, मग आग झाली, मग त्यांना काही कळलं नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं आपल्या घरी नेऊन ठेवलं. फणफणून ताप भरला होता. पट्टीवाला तोवर पाल उचलून गेला होता. पुढं दाजींना अकोल्याला आणलं, ते कापसाच्या बैलगाडीत, कापसावर पालथं निजवून.

गाडी दाराशी आली तेव्हा मी होतो. मला वाटलं, कोणी मारहाण केली. आत नेलं, गाडीवाल्याला पाठवलं, आणि दाजी उशीत तोंड खुपसून म्हणाले, "पंतोजी, दार लाव." मग सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, "दाजी, मी आत्ता अमरावतीला माणूस पाठवतो. नाना स्वतः येतील."

"इवायापुढं धोतर सोडू का मी?" ते उसळून म्हणाले. "आज औषध घीन, उद्या माह्या लेकीले तिथं कोणी हासलं तं? तिच्या बापाचं हे असं आहे म्हणून?"

"हासतील कशाला? रोज पाहतात ते."

"दुसऱ्याचं पाहतात. माहं नाही."

"मग छावणीतल्या दवाखान्यात चला. तिथला गोरा डॉक्टर..."

"सायबापुढं तं नाहीच." आणि बऱ्याच वेळानं, उशीतूनच, "यमीचं काही आलं का?"

आलं होतं. मुलगा झाला होता. मी सांगितलं, तर ते पालथे पडल्या पडल्या हसले आणि हसण्यानं कळ आली म्हणून रडले.

मी कोमट पाण्यानं शेकायचो, लोणी लावायचो, भाताची पेज द्यायचो. बारसं होऊन गेलं. नाव काय ठेवलं ते आम्हाला मागाहून कळलं. जखम भरत आली, पण मूळ दुखणं होतं तिथंच होतं. रक्त जाई. चालताना त्यांना भिंत धरावी लागे. आणि तिकडं अमरावतीत एक बातमी गेली होती: दाजींना कौंडण्यपूरच्या जत्रेत पाहिलं. म्हणजे जत्रेला यायला सवड आहे, वाटेवरच्या लेकीला, नातवाला बघायला नाही. यमूच्या सासूनं हे भर पंगतीत काढलं. आक्का परत आली तेव्हा तिनं दाजींचा चेहरा पाहिला, जखम पाहिली, आणि चुलीपाशी जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"चैत्रात तिले माहेरी आणू," दाजी म्हणत. "लेकरू घेऊन येईन ती. तवापर्यंत मी ठीक होतो." मोरणेकाठच्या पिंपळाला पानं फुटली का, ते मला विचारत.

फाल्गुनात यमूच्या मुलाला देवी निघाल्या. निरोप आला तो मुलगा गेल्याचाच.

दाजी त्याच दुपारी निघाले. मी आणि आक्का बरोबर होतो.  दमणीत कुशीवर निजत, ते असह्य झालं की उतरून चालत, थकले की पुन्हा निजत. अमरावतीला पोचलो तेव्हा ओसरीवर बायका बसल्या होत्या, मधे यमू होती. आक्का जाऊन तिला बिलगली. यमूनं मान वर करून बापाकडं पाहिलं. दाजी उंबऱ्याच्या आत आले, भिंतीला टेकले आणि तिथंच उभे राहिले. खाली अंथरलेल्या सतरंजीकडं ते बघत होते. मला कळत होतं, की त्यांना खाली बसून लेकीला जवळ घ्यायचं आहे आणि त्यांचं शरीर वाकत नाही. यमूला कसं कळणार? तिला दिसत होता तो आल्यासारखा येऊन उभा राहिलेला बाप, आता निघतो म्हणण्याच्या बेतात असलेला. तिनं तोंड फिरवलं.

नाना वैद्य समोर होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी रागच होता. मग त्यांची नजर दाजींच्या पांढऱ्या पडलेल्या नखांवर गेली, पायांत अंतर ठेवून उभं राहण्यावर गेली. ते उठले, दाजींचा हात धरला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, जरा आत या."

मीही मागं गेलो. नानांनी दार ओढून घेतलं. "किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

दाजी लहान मुलासारखे रडू लागले. नाना उभेच राहिले, त्यांच्यासमोर, त्यांचं रडणं होईपर्यंत. मग म्हणाले, "मेळघाटातला माणूस जंगल तुडवत माझ्याकडं येतो आणि तुम्ही माझ्या दारावरून जत्रेला गेलात? मी व्याही कपाळावरच्या गंधापुरता. त्याच्या खाली वैद्यच आहे."

त्यांनी दाजींना ठेवून घेतलं. आधी नीट तपासलं; रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच असते असं नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. तो भाजलेला भाग बघून त्यांनी त्या जत्रेतल्या माणसाला ज्या शिव्या घातल्या, त्या वैद्याच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या. मग मला समजावून सांगितलं. कोंब आत असेल तोवर ताक, हिरडा, सुरण आणि भरपूर पाणी एवढ्यानं भागतं. बाहेर येऊन आपला आपण आत जात असेल तरी पथ्यानं आवरतो. हातानं लोटावा लागला की औषध लावलेलं सूत बांधून हळूहळू सोडवायचा. आणि सुतालाही जुमानला नाही तर छावणीतला डॉक्टर हुंगायचं औषध देऊन कापतो, त्याच्याकडे जायलाही लाजू नये. "पण हे सगळं," ते म्हणाले, "माणूस दारात आल्यावर. न येणाऱ्याला औषध नाही."

निवडुंगाच्या चिकात आणि हळदीत भिजवून वाळवलेलं सूत त्यांनी बांधलं. दुखलं, पण जत्रेतल्यासारखं नाही. मिरची बंद, रात्रीची जागरणं बंद, दोनदा कोमट पाण्यात बसणं. उन्हाळा संपायच्या आत दाजी बरे झाले. ज्या दुखण्यानं त्यांच्या आयुष्याची इतकी वर्षं खाल्ली, ते एका उन्हाळ्यात गेलं. मला अजून त्याचाच राग येतो.

त्या सगळ्या काळात यमू त्यांना ताक आणून देई, पेज आणून देई. सासऱ्यांनी सांगितलेलं पथ्य होतं, म्हणून. कशाचं, ते तिनं विचारलं नाही. नानांनीही दाजींच्या सांगण्यावरून घरात उच्चारलं नव्हतं. मी दाजींना न्यायला गेलो, त्या दिवशी दाजींनी तिला ओसरीवर बोलावलं. ते पाटावर बसले होते, मांडी घालून. सगळं सांगितलं. कन्यादानापासून जत्रेपर्यंत, काहीही न वगळता, तिच्याकडं बघत.

यमू खांबाला टेकून ऐकत होती. झाल्यावर तिनं विचारलं, "एवढंच होतं, बाबा?"

"एवढंच."

"मले वाटे, तुमाले आमी नको झालो." मग थोडं थांबून म्हणाली, "मले सांगतलं असतं, तं मी त्याले उभ्याउभ्याच तुमच्या हातात देल्लं असतं."

 मी अंगणात बघत राहिलो.

अकोल्याला परतल्यावर दाजी गादीवर बसू लागले आणि बाजाराला चुकल्याचुकल्यासारखं झालं. कोणी कारण विचारलं, की ते सांगून टाकत. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. "मूळव्याध होती मले. विनय-बिनय काही नव्हता." पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी एक जण हळूच मागच्या दारानं आला. मग येतच राहिले. कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दाजी भावाआधी विचारत, "परसाकडं नीट होते का? रक्त पडते का? लाजून काय करून राहिला गड्या, जा नानाकडं." चिठ्ठीचपाटी काही नाही, दमणी जुंपून देत, त्यात गवताची मऊ गादी घालून. बायकांसाठी आक्का विचारी. त्या तर नवऱ्यालाही सांगत नसत. लढाई संपून भाव कोसळले, मखमलीचे लोड एकेक करून बाजारातून गेले, तरी दाजींकडची ही वर्दळ थांबली नाही.

यमूला पुढं दोन मुली झाल्या. त्या दाजींच्या मांडीवर वाढल्या म्हटलं तरी चालेल. यमू माहेरी येई, हसे, बापाला पथ्यावरून रागावे. पण त्या पहिल्या मुलाचं नाव बापलेकीत कधी निघालं नाही. ती काढत नसे, दाजींची काढायची छाती नव्हती. ते आक्काला विचारत, एकांतात. कसा होता गं? आक्का चार शब्द सांगे आणि पदर डोळ्यांना लावी. मला विचारत, मी तर पाहिलाच नव्हता.

शेवटच्या आजारात, तो छातीचा होता, यमू येऊन राहिली होती. एके सकाळी मी गेलो, तर ती त्यांच्या उशाशी बसून मोसंब्याच्या फोडी सोलत होती. दाजी डोळे मिटून पडले होते. अचानक म्हणाले, "यमे, तो दिसे कसा?"

तिचा हात थांबला. मला वाटलं, ही उठून जाईल. ती उठली नाही. फोड ताटलीत ठेवली, हात पदराला पुसले.

"जावळ लय दाट होतं," ती म्हणाली. "सासूबाई म्हणत, याले टोपडं कशाले पायजे. रंग आईवाणी. रडे कमी. भूक लागली का नुसता कुरकुरे, मंग पाहत राहे माह्याकडं, काहून उशीर करते म्हणून."

"अन्?"

"अन् मूठ. झोपेत घट्ट मूठ वळून ठेवे. मी एकेक बोट उघडू, तं आत कापसाचा धागा सापडे. रोज. गोधडीतून उपटे का कुठून आणे, कोणाले ठाऊक."

दाजींचा श्वास जड चालला होता. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "लांब होता का आखूड? धागा?"

यमू हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"लांब होता, बाबा," ती म्हणाली. "चांगला लांब होता."